पद्मिनीचं इंजिन उघडं आहे तोवर: सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो स्वतः मोजा

बोअरिंगवाल्याकडून ब्लॉक परत आला आहे, हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, फेस मारून (खालची बाजू कापून सपाट करून) झाला आहे, पिस्टन-रिंगचा नवा सेट टेबलावर पडला आहे. आता इंजिन जोडून कधी एकदा स्टार्टर मारतो असं होतं. तरीही आणखी दोन संध्याकाळी थांबा. एकदा हेडचे नट आवळले की आत नेमकं किती सीसीचं आणि किती रेशोचं इंजिन बसलं आहे, हे कळायला सगळं पुन्हा खोलावं लागतं. आत्ता मोजायला साधं सामान आणि थोडा धीर पुरतो.

मी प्रीमियर पद्मिनीबद्दल लिहितोय, कारण माझे हात त्याच इंजिनाने काळे झाले आहेत. रीत मात्र अॅम्बॅसॅडर, हेराल्ड, कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला तीच.

पुस्तकातला आकडा कुणाचा?

पद्मिनीच्या इंजिनाचं माप ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल). फियाटने १९३७ साली ५०८ सी या गाडीत हे माप आणलं आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते अगदी शेवटपर्यंत चालवलं. चार सिलिंडरचे मिळून १०८९ सीसी. इथे नवखे लोक एका जागी हमखास फसतात. इटलीत १९६२ नंतर विकली गेलेली ११०० डी ही गाडी १२२१ सीसीची होती, तिचा बोअर ७२ मिमी. आपल्याकडे त्याच नावाची गाडी, म्हणजे पद्मिनीचं आधीचं रूप, बनली, पण इंजिन १०८९चंच राहिलं. त्यामुळे इटालियन मॅन्युअलमधले आकडे आपल्या इंजिनाला लावले की पहिल्याच ओळीत हिशोब बिघडतो.

दुसरी गोष्ट अशी की पुस्तकातला आकडा कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचा असतो. तुमच्या पुढ्यातलं इंजिन मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणाकुणाच्या हातून गेलं, हे सहसा कुणालाच माहीत नसतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याआधीची कित्येक वर्षं टॅक्सीची इंजिनं खासगी गाड्यांत आणि खासगी गाड्यांची टॅक्सीत बसत आली. माझं पहिलं इंजिनही असंच आलेलं. ‘चारही बोअर साठचे आहेत,’ असं ज्या गॅरेजमधून ते घेतलं तिथे सांगितलं होतं. साठचे म्हणजे ०.६० मिमी ओव्हरसाइज, मूळ मापापेक्षा तेवढे मोठे कापलेले. मी विश्वास ठेवला आणि बसवलं. गाडी न्यूट्रलमध्ये थरथरायची. कार्बोरेटर साफ केला, पॉइंट बदलले, टॅपेट तीनदा लावले. शेवटी हेड काढलं, तर तीन सिलिंडर ६८.६०चे निघाले आणि चौथ्यात कुणीतरी स्लीव्ह (धातूची नळी) घालून तो परत ६८.००ला आणलेला. पिस्टनही अर्थातच वेगळ्या वजनाचा. तो आठवडा मला आजही सलतो, कारण व्हर्नियर माझ्या खणात पडून होता.

काय काय लागेल

बोअर गेज आणि मायक्रोमीटर स्वतःचे नसले तरी चालतं, बोअरिंगच्या दुकानात ते असतातच. घरी लागेल ते असं: डेप्थची, म्हणजे खोली मोजायची पट्टी असलेला व्हर्नियर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), सरळ कडेची पोलादी पट्टी, ग्रीस, आलेखाचा कागद, थोडं स्वच्छ डिझेल आणि ५० मिलिची ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचनळी). ब्युरेट प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. नाहीच मिळाली तर मेडिकलमधून १० मिलिची सिरिंज घ्या, फक्त प्रत्येक वेळी भरताना हवेचा बुडबुडा आत राहू देऊ नका. शिवाय साधारण सहा मिमी जाडीच्या अॅक्रिलिकचा हेडच्या चेंबरपेक्षा मोठा तुकडा. त्याला दोन भोकं पाडून घ्या, एक डिझेल ओतायला आणि दुसरं हवा बाहेर जायला. दोन्ही चेंबरच्या कडेच्या आत पण कडेच्या जवळ यायला हवीत.

आधी सीसी

बोअर एकदा मोजून भागत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि आडवं, अशी सहा मापं घ्या. चार सिलिंडरची चोवीस मापं कागदावर उतरवा. होनिंग (बोअरची भिंत दगडाने घासणं) झाल्या झाल्या ब्लॉक गरम असतो, तेव्हा मोजू नका, रात्रभर थंड होऊ द्या. दुकानातल्या माणसाला ‘जरा आकडे लिहून द्या’ म्हटलं की चांगला कारागीर आनंदाने देतो.

स्ट्रोक क्रँकच्या घडणीतच ठरलेला असतो. क्रँक ग्राइंड केला तरी जर्नलचं, म्हणजे रॉड बसतो त्या गोल भागाचं, केंद्र जागेवर राहिलं तर स्ट्रोक बदलत नाही. तरी एका सिलिंडरमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आणून डेप्थ मोजा, मग खालच्या टोकाला नेऊन मोजा. वजाबाकी ७५च्या आसपास आली की निश्चिंत व्हा.

आता हिशोब. मिलिमीटरचे सेंटीमीटर करून घेतलेत तर उत्तर थेट सीसीमध्ये येतं, शून्यं मोजत बसावं लागत नाही. सूत्र एवढंच: बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक.

माझ्या सध्याच्या इंजिनाचे चारही बोअर ६८.६०चे आहेत, या वेळी मी स्वतः मोजून खात्री केली आहे.

६.८६ × ६.८६ × ०.७८५४ × ७.५ = २७७.२ सीसी

चार सिलिंडरचे ११०८.८ सीसी. म्हणजे मूळच्या १०८९.५ पेक्षा एकोणीस सीसी जास्त. जोर वाढल्याचं चालवताना काही जाणवणार नाही, तेव्हा ‘बोअर मोठा केला की गाडी पळते’ या बोलण्याला भुलू नका. बोअर वाढवायचा तो झिजलेली भिंत सरळ करण्यासाठी. प्रत्येक वेळी भिंत पातळ होते, हे लक्षात ठेवून जितका कमी ओव्हरसाइज पुरेल तितकाच घ्यावा.

त्या पहिल्या, तीन-अधिक-एक इंजिनाचा हिशोब केला तर (३ × २७७.२) + २७२.४ = ११०४ सीसी येतात. एकूण आकडा बघून काहीच विचित्र वाटत नाही. म्हणूनच बेरजेच्या आधीचे चार आकडे वेगळे लिहायचे.

रेशो म्हणजे काय आणि काय नाही

गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. ‘दोन नंबरचं कॉम्प्रेशन डाऊन आहे’ म्हणतात तेव्हा तो प्लगच्या भोकात लावलेल्या गेजवरचा दाब असतो. तो बॅटरी, रिंगा, व्हॉल्व्ह, हवामान या सगळ्यांवर अवलंबून असतो. रेशो ही निव्वळ भूमिती आहे: पिस्टन खाली असताना वर किती जागा आणि पिस्टन वर असताना किती जागा, यांचं प्रमाण. झिजलेल्या रिंगांनी दाब घसरतो, रेशो तसाच राहतो. हेडला फेस मारला की रेशो वाढतो, मग रिंगा कशाही असोत.

पिस्टन वर असताना उरलेली जागा चार तुकड्यांनी बनते: हेडमधला चेंबर, गॅस्केटच्या जाडीतली जागा, पिस्टन ब्लॉकच्या फेसपेक्षा खाली राहत असेल तर ती फट, आणि पिस्टनच्या डोक्यावरचा खड्डा किंवा उंचवटा.

कुठे किती काटेकोर राहायचं हे इथे समजून घ्या. बोअर मोजताना ०.०५ मिमी चूक झाली तर एका सिलिंडरमागे जेमतेम ०.४ सीसीचा फरक पडतो, रेशोत तो दिसतही नाही. (पिस्टनच्या क्लिअरन्ससाठी मात्र तीच चूक फार मोठी आहे.) चेंबर मोजताना एक सीसी चुकला तर रेशो ७.८०चा ७.६४ होतो. म्हणून सगळा धीर हेडपाशी वापरा.

हेडचा चेंबर

पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. इंजिन तापलं की ते वाकतं, वाकलं की फेस मारतात, आणि टॅक्सीच्या आयुष्यात हे किती वेळा झालं याची नोंद कुठेच नसते. दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हच्या सीटा पुन्हा पुन्हा कापल्या की व्हॉल्व्ह खोल बसतो आणि चेंबर मोठा होतो. सीएनजीवर धावलेल्या इंजिनांत सीटा जास्त झिजतात. एक गोष्ट रेशो वर ढकलते, दुसरी खाली ओढते, आणि चार चेंबरमध्ये हे सारख्या प्रमाणात होत नाही. डोळ्यांना हे दिसत नाही, मोजलं तरच कळतं.

हेड उलटं करून टेबलावर ठेवा. जो प्लग गाडीत लावणार आहात तोच प्लग आवळून बसवा, कारण त्याच्या लांबीने जागा बदलते. व्हॉल्व्हच्या सीटांना ग्रीसचं बोट फिरवून व्हॉल्व्ह बसवा. चेंबरच्या कडेभोवती ग्रीसची बारीक वात लावा, त्यावर अॅक्रिलिक दाबा, आणि आत आलेलं जास्तीचं ग्रीस पुसा. आत राहिलेलं ग्रीस म्हणजे थेट चूक. हेडच्या एका बाजूखाली लाकडाची पट्टी सरकवून ते किंचित तिरकं करा, म्हणजे हवेचं भोक सगळ्यात वर येईल.

ब्युरेट शून्यावर भरून घ्या आणि हळूहळू डिझेल सोडा. शेवटचा बुडबुडा हट्टी असतो, हेड हलकेच हलवून त्याला भोकाकडे न्या. भोकाच्या तळाशी, म्हणजे अॅक्रिलिकच्या खालच्या बाजूला डिझेल टेकलं की थांबा आणि आकडा वाचा. दोन मिनिटं तसंच ठेवून पोर्टमध्ये बघा. तिथे ओल दिसली तर व्हॉल्व्ह गळतोय, म्हणजे लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) पुन्हा करायला हवं. एका कामात दोन तपासण्या होतात, म्हणून मला ही पायरी सगळ्यात आवडते.

प्रत्येक चेंबर तीनदा मोजा. तिन्ही आकडे ०.३ सीसीच्या आत आले पाहिजेत, नाहीतर कुठेतरी हवा अडकली आहे. माझे आकडे असे आले: ३४.२, ३४.६, ३३.८ आणि ३४.४.

गॅस्केट आणि पिस्टनवरची फट

नव्या गॅस्केटची जाडी मोजून उपयोग नाही, हेड आवळल्यावर ती दबते. त्याच बनावटीची काढून टाकलेली जुनी गॅस्केट मिळवा आणि बोअरच्या कडेपासून थोडं बाहेर, दबलेल्या जागी, जाडी मोजा. माझी १.३ मिमी आली. गॅस्केटचं भोक बोअरपेक्षा थोडं मोठं असतं, माझ्या गॅस्केटचं ७०.५ मिमी आहे. तेच सूत्र लावा: ७.०५ × ७.०५ × ०.७८५४ × ०.१३ = ५.०७ सीसी. भोक नीट गोल नसेल तर गॅस्केट आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजा. शाळेत शिकलेली ही रीत इथे कुठल्याही यंत्राइतकी चांगली चालते.

आता ब्लॉक. पिस्टन रॉडसकट बसवलेला हवा. तो वरच्या टोकाला आणा आणि पोलादी पट्टी ब्लॉकवर आडवी ठेवून खालची फट फिलर गेजने मोजा. पिस्टन पिनेभोवती किंचित डुलतो, म्हणून फट पिनेच्या रेषेवर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या-मागच्या दिशेला मोजायची. आडव्या दिशेला मोजलीत तर दर वेळी वेगळं उत्तर येईल. माझी फट ०.४ मिमी: ६.८६ × ६.८६ × ०.७८५४ × ०.०४ = १.४८ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या वर येत असेल तर तेवढी जागा वजा होते. तसं दिसलं तर आधी थांबून ब्लॉकलाही फेस मारला आहे का ते विचारा.

पिस्टनचं डोकं सपाट असेल तर इथे काही मिळवायचं नाही. खड्डा किंवा उंचवटा असेल तर पिस्टनची सपाट कड फेसपासून बरोबर १० मिमी खाली न्या, कडेची फट ग्रीसने बुजवा आणि तोच अॅक्रिलिकचा तुकडा ब्लॉकवर ठेवून डिझेल भरा. ६८.६०च्या बोअरमध्ये सपाट पिस्टनवर ३७ सीसी मावायला हवेत. ३९ मावले तर दोन सीसीचा खड्डा आहे, ते मिळवा. ३५ मावले तर दोन सीसीचा उंचवटा, ते वजा करा. काम झालं की भिंतीवरचं डिझेल पुसून ताबडतोब इंजिन ऑइलचा हात फिरवा, दमट हवेत होन केलेल्या बोअरवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो.

बेरीज

एक नंबरचा सिलिंडर घेऊ.

३४.२ + ५.०७ + १.४८ = ४०.७५ सीसी
रेशो = (२७७.२ + ४०.७५) ÷ ४०.७५ = ७.८०

तसेच दोन नंबर ७.७४, तीन नंबर ७.८७, चार नंबर ७.७७. वरच्या रिंगेच्या वर, पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये सुमारे ०.४ सीसीची एक बारीक फट असते. ती धरली तर प्रत्येक आकडा सहा-सात शतांशांनी खाली येतो. मी ती धरत नाही, पण दोन इंजिनांची तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा.

सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत माझ्याकडे ०.१३चा फरक आहे. रोजच्या गाडीला हे उत्तम. फरक पाव रेशोच्या वर गेला तर कारण शोधा: बहुतेक वेळा एक व्हॉल्व्ह जास्त खोल गेलेला असतो, किंवा हेड तिरकं कापलं गेलेलं असतं. तिरक्या हेडमध्ये आकडे एक ते चार ओळीने चढत किंवा उतरत जातात, हे पाहिल्याबरोबर ओळखू येतं. लहान चेंबर ग्राइंडरने मोठा करता येतो, पण नवख्याने सीटच्या जवळ ग्राइंडर नेऊ नये. हे काम हेडवाल्याकडेच द्या, तुमचे आकडे सोबत द्या.

किती रेशो बरा

सात ते आठच्या मधलं पद्मिनीचं इंजिन आजच्या साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालतं. नऊच्या जवळ निघालं तर घाटात, तापलेल्या इंजिनावर, वरच्या गिअरमध्ये टकटक ऐकू येण्याची शक्यता वाढते. मग टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं आणि मिळवलेलं सगळं तिथेच जातं.

रेशो वाढवायचाच असेल तर किती फेस मारायचा हे आधी कागदावर काढता येतं. समजा मला ८.० हवा आहे. हवी असलेली वरची जागा = २७७.२ ÷ (८ − १) = ३९.६ सीसी. सध्या सरासरी ४०.८ आहे, म्हणजे १.२ सीसी कमी करायचे. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्र आलेखाच्या कागदावर मी ३१ चौरस सेंटीमीटर मोजलं. १.२ ÷ ३१ = ०.०३९ सेमी, म्हणजे जवळजवळ ०.४ मिमी. मी ते केलं नाही. हेडमध्ये उरलेलं ते अॅल्युमिनियम पुढच्या वेळी हेड वाकल्यावर लागणार आहे, आणि ०.२ रेशोने जे मिळतं त्यापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

फेस जास्त झाला असेल आणि रेशो खाली आणायचा असेल तर दोन गॅस्केट एकावर एक घालू नका. हा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. त्या जोडातून पाणी किंवा दाब निसटतोच. जाड गॅस्केट शोधा किंवा दुसरं हेड मिळवा. जुन्या स्पेअर पार्टसाठी मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ अजून पालथी घालण्यासारखी आहे.

हेड कापलेलं असेल तर आणखी एक तपासणी टाळू नका. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठेवा, जुनी दबलेली गॅस्केट घालून हेड आवळा, टॅपेट लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका. हेड उघडून मातीतल्या ठशाची सगळ्यात पातळ जागा मोजा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये दोन मिमीच्या आसपास जागा हवी.

गेज लावून पडताळा

इंजिन बसलं, रनिंग-इनचे पहिले काही शे किलोमीटर झाले, रिंगा बसल्या, की मग गेज लावा. इंजिन गरम हवं, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सुटी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. सुई चढायची थांबेपर्यंत, पाच-सहा वेळा, इंजिन फिरवा. माझ्या गाडीत १२८, १२५, १३० आणि १२७ पीएसआय आले. तीन नंबरचा रेशो सर्वांत जास्त होता आणि दाबही तिथेच सर्वांत जास्त आहे, हे बघून फार समाधान वाटलं.

दाबावरून रेशो काढायचा प्रयत्न करू नका. पिस्टन वर निघाल्यानंतरही इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो, त्याने दाब कमी होतो. दाबताना हवा तापते, त्याने वाढतो. शिवाय महाबळेश्वरला सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे तेच निरोगी इंजिन तिथे १२७च्या जागी १०८ दाखवेल. गेजवर बघायचं ते चार आकड्यांमधलं अंतर. ते दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट.

हे सगळं एका कागदावर लिहून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा: तारीख, चोवीस बोअर मापं, चार चेंबर, गॅस्केटची दबलेली जाडी, पिस्टनची फट, चार रेशो आणि गेजचे चार आकडे. हेडची उंची दोन्ही टोकांना मोजून तीही लिहा. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नोंदणी करण्याची सोय २०२१च्या नियमांत आहे, आणि त्यात इंजिन मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. माझ्या कागदाच्या तळाशी शेवटची ओळ अशी आहे: ‘बोअर ६८.६०, चारही. स्लीव्ह नाही. फेस या वेळी ०.१५ मिमी.’ पुढे ज्याच्या हाती हे इंजिन येईल, त्याला व्हर्नियर लावण्याआधी कुठून सुरुवात करायची ते कळेल.